धरणाच्या काठावर एक रात्र: गळ, तंबू आणि पाण्याची पातळी

नैसर्गिक तळ्याचं पाणी पावसाने चढतं आणि उन्हाने उतरतं. धरणाचं पाणी याशिवाय दरवाजे चालवणाऱ्याच्या हातानेही चढतं-उतरतं, आणि तो हात काठावर बसलेल्याला दिसत नाही. तंबू कुठे ठोकायचा, मासा कुठे सापडेल, कुठली जमीन पायाखाली दगा देईल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं पाण्याच्या पातळीत दडलेली असतात. सामानाची यादी त्यानंतर.

आधी एक छोटं गणित. काठाचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल, तर पातळी २० सेंटिमीटर वाढताच पाण्याची कड १० मीटर आत सरकते. तंबूसाठी सगळ्यांत मोहात पाडणारा सपाट, गवताळ काठ नेमका असाच असतो. उभ्या खडकाळ काठावर हेच २० सेंटिमीटर कुणाच्या लक्षातही येणार नाहीत.

धरण कशासाठी बांधलंय, ते आधी विचारा

सिंचनाच्या धरणातलं पाणी महिनोन्महिने हळूहळू उतरतं. पावसाळा सोडला तर एका रात्रीत पडणारा फरक बहुधा बोटभर असतो. जलविद्युत धरणाचं तसं नाही. विजेची मागणी वाढली की जनित्रं चालू होतात, मागणी घटली की थांबतात, आणि पातळी एकाच दिवसात वरखाली होऊ शकते. खालच्या जलाशयातलं पाणी पंपाने पुन्हा वर चढवणाऱ्या प्रकल्पांत तर हे रोजचंच. पिण्याच्या पाण्याच्या धरणावर नियम सगळ्यांत कडक असतात. पाण्यात उतरायला आणि कित्येक ठिकाणी काठावर मुक्काम करायलाही बंदी असते. शेतातलं छोटं मातीचं धरण शांत असतं, परवानगीसाठी एकाच मालकाला भेटावं लागतं, मात्र त्याचे काठ पाण्याखाली एकदम तुटलेले असू शकतात.

परवानगीच्या बाबतीत नवख्यांची एक गल्लत हमखास होते. भिंत आणि पाणी एकाच्या ताब्यात असतं, भोवतालची जमीन दुसऱ्याची असते (वनखात्याची, गावाची किंवा खासगी), आणि मासे धरण्याचा हक्क तिसऱ्याच कुणाला, बऱ्याचदा मच्छीमारांच्या संस्थेला किंवा ठेकेदाराला, दिलेला असतो. एकाची परवानगी दुसऱ्याला लागू होत नाही. धरणाच्या कार्यालयाने ‘बसा खुशाल’ म्हटलं, म्हणून गळ टाकायची मुभा मिळाली असं नाही. तिन्ही ठिकाणी वेगवेगळं विचारा, जमल्यास लेखी घ्या. मासेमारीचा परवाना, माशाची किमान लांबी, किती मासे नेता येतात आणि विणीच्या हंगामात बंदी आहे का, हे त्याच वेळी विचारून घ्या.

धरणावरच्या कर्मचाऱ्याला तीन प्रश्न मात्र विचाराच: आज-उद्या विसर्ग आहे का, वरच्या बाजूला आणखी धरण आहे का, आणि इशाऱ्याचा भोंगा वाजला तर किती वेळ हातात असतो. दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व पटकन लक्षात येत नाही. वरच्या धरणाने पाणी सोडलं, तर तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही तुमच्यासमोरचं पाणी चढू लागतं.

पाणी उतरलेलं असताना एक फेरी मारून या

ज्या धरणावर पुन्हा पुन्हा जायचं आहे, तिथली एक फेरी पाणी सगळ्यांत खाली गेलेलं असताना, गळ-काठीशिवाय मारा. पाण्याखाली असताना जे काही अंदाजाने शोधावं लागतं, ते तेव्हा उघडं पडलेलं असतं: जुन्या ओढ्याचं पात्र, बुडालेला रस्ता, पडक्या विहिरी, झाडांचे बुंधे, बांध, भरावासाठी माती उकरलेले खड्डे. फोटो काढताना काठावरची न हलणारी एखादी खूण, मोठा खडक किंवा विजेचा खांब, चौकटीत येईल असं पाहा. धरण भरल्यावर त्या खुणेवरून अंतर मोजता येतं. प्रत्यक्ष जाणं जमलं नाही, तर नकाशाच्या अॅपमधली कोरड्या महिन्यांतली जुनी उपग्रहचित्रं बरंच काही दाखवतात.

या फेरीचा उपयोग मासा शोधायला होतो, तितकाच जीव वाचवायलाही. भिंतीजवळचे मातीचे खड्डे आणि विहिरी पाण्याखाली गेल्या की गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्याच पावलाला गळ्याएवढ्या पाण्यात जातो.

कुठे जायचंच नाही

भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी आत ओढणारा मनोरा असतो, त्याच्या झडपा खोलवर असतात. पृष्ठभाग संथ दिसतो, पण आत ओढ असते. पाण्यात तरंगत्या गोळ्यांची माळ किंवा बोया दिसल्या तर ती हद्द समजावी.

सांडव्याच्या खालची डबकी मासेमाराला फार भुलवतात. वर जाऊ न शकलेले मासे तिथे गर्दी करतात, हे खरंच आहे. पण दरवाजा उघडला की कोरडं पात्र पाहता पाहता भरतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर अंगावर येणारा जोर चौपट होतो, त्यामुळे मांडीएवढं वाहतं पाणीही धडधाकट माणसाला उभं राहू देत नाही. छोटा बंधारा त्याहून फसवा. त्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी गोल फिरत राहतं आणि सापडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. भिंतीच्या खालच्या अंगाला बसायचंच नाही, असा आमचा सरळ सल्ला आहे.

तिसरी जागा म्हणजे नुकतं पाणी ओसरलेला गाळ. वर उन्हाने भेगाळलेला कडक पापुद्रा असतो, खाली लोण्यागत चिखल. पाण्याच्या कडेकडे जाताना हातात काठी ठेवा आणि प्रत्येक पावलाआधी ती दाबून पाहा. सहज वीतभर आत गेली तर तिथून मागे फिरा. पाय फसलाच, तर जोराने उपसू नका. दुसरा पाय आणखी खोल जातो. पाठीवरचं ओझं टाका, मागे रेलून किंवा आडवं होऊन वजन पसरवा, फसलेला पाय घोट्यातून हलवत त्याच्याभोवती पाणी शिरू द्या, मग सावकाश ओढा. बूट गेला तर जाऊ द्या.

पोहण्याबद्दल थोडक्यात: नको. उन्हाळ्यात वरचा थर कोमट असतो, काही मीटर खाली पाणी एकदम थंड होतं. अंगाला त्याचा झटका बसला की श्वास अनावर होतो. त्यात बुडालेल्या फांद्या आणि सोडून दिलेली जाळी. होडीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नव्हे.

तंबूची जागा

पोहोचल्याबरोबर पहिलं काम: पाण्याच्या कडेला एक काडी रोवा आणि वेळ लिहून ठेवा. तासाभराने पाहा. कड काडीच्या वर सरकली असेल तर पाणी चढतंय, खाली गेली असेल तर उतरतंय. रात्री झोपण्याआधी पुन्हा एक काडी. एवढ्याशा कामाचा माहिती मिळण्याच्या दृष्टीने फायदा फार मोठा आहे, कारण पुढे मासेमारीची जागाही याच काडीवरून ठरते.

धरण पूर्ण भरतं तेव्हा पाणी कुठवर येतं, त्याच्या खुणा काठावर असतातच. खडकांवर फिकट रंगाचा पट्टा असतो, वाहून आलेल्या काटक्या आणि प्लास्टिकची ओळ अडकलेली असते, आणि ज्या उंचीपासून मोठी झुडपं सलग दिसू लागतात ती जागाही बोलकी असते. तंबू या रेषेच्या वर. पाण्यापासून ६० ते ७० मीटर अंतर राहिलं तर उत्तम; पाणी स्वच्छ राहतं आणि पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाटही मोकळी राहते. गवतात चेपलेली पायवाट, खुरांचे ठसे, ताजी लेंडी दिसली तर तिथे मुक्काम नको.

पाण्याला लागून झोपण्यात सुख वाटतं ते संध्याकाळपुरतं. रात्री थंड हवा उतारावरून खाली वाहत येते आणि काठाच्या खोलगट भागात साचते. तिथे दव जास्त पडतं, डासही जास्त असतात. पाच-दहा मीटर उंचावरची जागा पहाटे जाणवण्याइतकी उबदार असते. कोरड्या ओहोळाच्या तोंडाशी मात्र कधीच नको. वर कुठेतरी पाऊस पडला तर पाणी त्याच वाटेने येणार. सुकलेल्या फांद्या लोंबणाऱ्या झाडाखालीही नको.

मोकळ्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही नसतं. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार त्याच्या विरुद्ध. खुंटी ताणदोराच्या विरुद्ध दिशेला झुकलेली, जमिनीशी साधारण ४५ अंशांत ठोका. गाळाच्या किंवा वाळूच्या जमिनीत तारेच्या बारीक खुंट्या धरत नाहीत. तिथे हातभर लांबीची जाड काठी घ्या, मधोमध दोर बांधा, ३० सेंटिमीटर खोल चर खणून ती आडवी पुरा आणि माती तुडवून घट्ट करा. वारा सुटल्यावर खुंट्या शोधत बसण्यापेक्षा ही दहा मिनिटं बरी. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चहूबाजूंनी चार-पाच सेंटिमीटर कमी ठेवा. बाहेर राहिलेली कड पावसाचं पाणी गोळा करून थेट तुमच्या अंथरुणाखाली आणते. खिडक्यांच्या जाळ्या थोड्या उघड्या असू द्या, नाहीतर श्वासाची वाफ आतून ठिबकते आणि तंबू गळतोय असं उगाच वाटत राहतं.

मासा कुठे असेल

सगळ्यांत खोल पाणी म्हणजे सगळ्यांत जास्त मासे, हा समज सोडून द्या. गरम दिवसांत जलाशयाच्या पाण्याचे थर पडतात. खालच्या गार थरात प्राणवायू इतका कमी असतो की मासे तिथे टिकत नाहीत. भिंतीजवळच्या १५-२० मीटर खोल पाण्यात तळाला टाकलेला गळ दिवसभर तसाच राहतो तो यामुळे.

आता काडीकडे पाहा. पाणी चढत असेल तर नव्याने बुडालेल्या गवतात गांडुळं, किडे, बिया तरंगू लागतात आणि मासे त्यांच्यामागे उथळ पाण्यात येतात. अशा वेळी गळ काठापासून पाच-दहा मीटरवरच टाका. लांब फेकणारा माशांच्या डोक्यावरून फेकतो. पाणी उतरत असेल तर मासे उथळ खाड्या सोडून जुन्या ओढ्याच्या पात्राकडे सरकतात. अशा दिवशी तुमचे कोरड्या महिन्यातले फोटो उघडा आणि पात्र काठाच्या सगळ्यांत जवळून कुठे जातं ते शोधा. पातळी स्थिर असेल, तर वारा ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ निवडा. दोन-तीन तास एकाच दिशेने वाहणारा वारा पृष्ठभागावरचं बारीक खाद्य तिकडे ढकलत असतो. तोंडावर वारा घेत गळ टाकणं त्रासाचं, म्हणून बहुतेक जण पाठीवर वारा घेऊन बसतात, आणि रिकाम्या हाताने उठतात.

ओढा जलाशयाला मिळतो ती जागा जवळजवळ नेहमीच चांगली. पाणी गढूळ आणि निवळ यांची जिथे रेघ दिसते, तिच्या निवळ बाजूला गळ टाकावा. वेळ पहाटेचा किंवा सूर्यास्ताच्या आगेमागचा. कॅटफिशसाठी मात्र अंधार पडल्यावरचे पहिले दोन तास.

सामान आणि जोडणी

सुरुवातीला २.१ ते २.७ मीटरची मध्यम काठी आणि साधं स्पिनिंग रीळ पुरतं. तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) ०.२८ ते ०.३२ मिलिमीटर जाडीचा, साधारण ५ ते ७ किलोचा ताण सहन करणारा घ्या. रिळावर तो काठोकाठ नको, कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खालीच थांबवा. जास्त भरला की फेकताना वेटोळी एकदम सुटून गुंता होतो, कमी भरला की गळ लांब जात नाही. गळांच्या क्रमांकात नवख्यांचा गोंधळ होतो: १ पर्यंत आकडा जितका मोठा तितका गळ लहान, त्यापुढे १/०, २/० असे गळ उलट मोठे होत जातात. चिलापीसाठी १० ते १२, कार्पसाठी ६ ते ८, मोठ्या कॅटफिशसाठी १/० किंवा २/० घ्या.

तळाला बसणाऱ्या माशांसाठी सरकत्या शिशाची जोडणी सगळ्यांत भरवशाची. मुख्य तंगूस १५ ते २० ग्रॅमच्या भोक असलेल्या शिशातून ओवा, मग एक मणी ओवा (शिसं गाठीवर आपटून ती कमजोर होऊ नये म्हणून), आणि टोकाला स्विव्हेल (दोन्ही टोकांना सुट्या फिरणाऱ्या कड्या असलेला छोटा धातूचा जोड) बांधा. स्विव्हेलच्या दुसऱ्या कडीला ३० ते ४५ सेंटिमीटरचा, मुख्य तंगुसापेक्षा किंचित बारीक तुकडा आणि त्याला गळ. मासा आमिष उचलून निघाला की तंगूस शिशातून सरकतो आणि त्याला वजन जाणवत नाही. तुकडा बारीक ठेवण्याचं कारण वेगळं आहे: गळ खाली अडकून तोडावाच लागला तर फक्त तेवढा तुकडा तुटतो, शिसं आणि लांबलचक तंगूस पाण्यात राहत नाही.

गाठ अशी बांधा. तंगुसाचं टोक गळाच्या डोळ्यातून काढा, मुख्य तंगुसाभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या छोट्या फासातून घाला, आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून परत काढा. आता थुंकी लावून ओली करा आणि हळूहळू आवळा. कोरडी गाठ झटक्याने आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमजोर होतो. मासा ‘तोडून गेला’ तर तंगुसाचं टोक तपासा. ते शेपटासारखं वळलेलं दिसलं तर गाठ सुटली होती; मासा दांडगा वगैरे काही नव्हता.

उथळ पाण्यात, चढत्या पातळीच्या दिवशी, बूच लावलेला हलका गळ जास्त मजा देतो. बुचाखाली इतकंच शिसं लावा की फक्त रंगीत टोक पाण्यावर राहील. बूच जास्त तरंगलं तर माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष थुंकतो.

रिळाचा ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश ताणावर सुटेल असा लावा. ६ किलोच्या तंगुसाला दीड-दोन किलो. अंदाज चुकतो, म्हणून छोटा स्प्रिंगचा काटा अडकवून एकदा मोजा. ब्रेक आवळून ठेवणं हे मासा निसटण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण आहे.

गळ टाकण्यापूर्वी वर पाहायला विसरू नका. जलविद्युत धरणाभोवती विजेच्या तारा भरपूर, आणि कार्बनची काठी वीज वाहून नेते. तारांपासून किमान ३० मीटर दूर राहा आणि त्यांच्याखालून काठी आडवी धरून चाला.

आमिष आणि चारा

गांडूळ सगळ्यांना चालतं. कार्पसाठी पिठाचा घट्ट गोळा किंवा मका चांगला. पिठाचा गोळा फेकताना सुटत असेल तर मळल्यावर दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून काढा. बाहेरून चिवट होतो. सुका मका २४ तास भिजवून अर्धा तास उकळलाच पाहिजे. कच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो आणि तो माशाला घातक असतो.

चारा, म्हणजे मासे जमावेत म्हणून गळाच्या आसपास पाण्यात फेकायचं खाद्य, टाकताना हात आखडता ठेवा. सुरुवातीला दोन मुठी, नंतर दर अर्ध्या तासाला एक, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी. काठावरची समोरची खूण धरून फेकलं की जागा चुकत नाही. मासे पोटभर खाऊन निघून जाण्याइतका चारा टाकणारे आपल्याच हाताने दिवस घालवतात. जिवंत छोटे मासे आमिष म्हणून दुसऱ्या पाण्यातून आणू नका, उरलेले पाण्यात सोडू तर मुळीच नका. परक्या जातींनी किती तरी जलाशयांमधले मूळचे मासे अशाच वाटेने संपवले आहेत.

मासा लागल्यावर

काठीचं टोक एक-दोनदा थरथरलं की लगेच झटका मारू नका. टोक सलग वाकू लागलं किंवा सैल तंगूस एकदम ताठ झाला की काठी वर उचला. ताण सतत ठेवा, मासा ओढेल तेव्हा ब्रेकला काम करू द्या, थांबला की काठी उचलून खाली आणताना रीळ फिरवा. शेवटच्या दोन मीटरवर तो हमखास उसळी घेतो. हातजाळी आधीच पाण्यात बुडवून धरा आणि मासा तिच्यावर आणा. जाळी माशामागे पळवली की ती तंगुसाला अडकते.

सोडायचा असेल तर हात ओले करूनच धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी लागते. गळ घशाखाली गेला असेल तर उपसू नका, तंगूस तोंडाशी कापा. कॅटफिशच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे काटे ताठ आणि विषारी असतात. टोचले तर जखम धुवा, काट्याचा तुकडा राहिला नाही ना ते बघा आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, बुडवून ठेवा. वेदना बरीच उतरते. सूज वाढली तर डॉक्टर.

न्यायचा मासा डोक्यावर फटका मारून लगेच मारा, कल्ल्यांखाली कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात ठेवा. उष्ण हवेत जेवढा मासा तेवढाच बर्फ, वितळलेलं पाणी वाहून जाईल असा. पाण्यातल्या सूक्ष्मजीवांपासून तयार होणाऱ्या जिऑस्मिनमुळे धरणाच्या माशाला मातकट वास येतो. ते आम्लाने विघटन पावतं. म्हणून साल आणि गडद लाल मांस काढून तुकडे अर्धा तास लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात ठेवले की वास बराच जातो. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली, तर त्या भागातला मासा खाऊ नका आणि ते पाणी तर अजिबात पिऊ नका: त्या शेवाळाचं विष उकळूनही जात नाही. धरण नव्याने भरलं असेल तर पहिली काही वर्षं मोठे शिकारी मासेही टाळावेत. बुडालेली झाडंझुडपं कुजताना पारा माशांच्या शरीरात पोहोचेल अशा रूपात बदलतो, आणि तो शिकारी माशांत साठत जातो.

पाणी, चूल आणि रात्र

माणशी दिवसाला चार लिटर पाणी घरून न्या. कमी पडलंच तर निवळ जागेचं पाणी कापडातून गाळून, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. २००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं. शौचासाठी पाण्यापासून ६० मीटरहून दूर, भरल्या धरणाच्या रेषेच्या वर, १५ ते २० सेंटिमीटरचा खड्डा. रेषेच्या खाली खणलेला खड्डा पुढच्या पावसात जलाशयातच जातो.

शक्यतो गॅसचा छोटा स्टोव्ह वापरा. आग पेटवायची परवानगी असेल तर मोकळ्या मातीवर, वाऱ्याच्या आडोशाला, तंबूपासून पाच मीटरवर. चुलीला काठावरचे ओले दगड लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेला हात लावता आला पाहिजे. पेटता कोळसा किंवा स्टोव्ह तंबूत कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर काठी खाली ठेवा, पाण्यापासून आणि एकट्या झाडापासून दूर होऊन गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. तंबू विजेपासून वाचवत नाही.

अंधारात चालताना बूट आणि टॉर्च हवेतच. बूट घालण्यापूर्वी झटका. साप चावला तर घट्ट आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. अंगठ्या-कडी काढा, तो अवयव फळीने स्थिर करा, माणसाला चालू न देता रुग्णालय गाठा. त्यासाठी गाडी बाहेर पडण्याच्या दिशेला तोंड करून, मऊ जमिनीपासून दूर लावलेली असावी. फोनला रेंज कुठे मिळते ते उजेडातच पाहून ठेवा. ११२ हा क्रमांक अनेक देशांत चालतो. कुठे जातोय आणि परत कधी येणार, हे घरी कुणाला तरी सांगून निघा. मुलं बरोबर असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस नेमा. ‘सगळे बघतायत’ म्हणजे कुणीच बघत नसतं.

विश्रांतीसाठी आला असाल तर एकच काठी लावा. चार काठ्या लावून बसणं म्हणजे पहारा. दुपारी ११ ते ४ मासे थंडावलेले असतात, तेव्हा सावलीला झोप काढावी. स्पीकर घरी ठेवा. पाण्यावरून आवाज फार लांब जातो आणि पलीकडच्या काठावरही कुणी तरी गळ टाकून बसलेलं असतं.

निघताना

तंगुसाचा प्रत्येक तुकडा गोळा करा. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात आणि तो वर्षानुवर्षं कुजत नाही. माशांची आतडी काठावर टाकू नका. पुढच्या माणसाच्या तंबूपाशी रात्री जनावरं येतात ती त्या वासाने. रोवलेल्या काड्या उपटा. बूट, जाळी आणि होडी यांना चिकटलेलं शेवाळ-चिखल तिथेच झटकून काढा, घरी स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, म्हणजे एका धरणातली वनस्पती किंवा गोगलगाय दुसऱ्या धरणात जाणार नाही. तंबू ओला गुंडाळावा लागला असेल तर त्याच दिवशी उघडून पसरवा. दोन-तीन दिवस तसाच राहिला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते पुढे कशानेही निघत नाहीत. रिळावरचे पहिले पाच-सहा मीटर तंगूस बोटांतून ओढून पाहा, खरखर लागली तर तेवढा कापून टाका.